घंटांचं प्रकरण

“चहा घेणार का विचारलं, तर म्हणतात, बाराव्या शतकात,” ओट्याशी माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या सासूबाई पुटपुटल्या. “आता हे त्या शतकातून परत येईपर्यंत दूध उतू जाऊ देऊ का?”

मी हसले, पण जपून. आमच्या घरात अलीकडे या विषयावर हसणंही जपूनच चालतं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी आयुष्यभरात तीन जाडजूड खंड योजले. पहिला मध्ययुगीन राजांवर, दुसरा गावकारभारावर आणि तिसरा प्रार्थनाघरांतल्या गाण्यावर. पहिला खंड मी या घरात यायच्या आधी निघाला. दुसऱ्याची सूची माझी. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. राजा कर कसा बसवतो आणि गावचे पंच त्यातून कसे निसटतात, हे मी अप्पांचं गिचमिड अक्षर टाइप करता करता शिकले. एकदा दारात आलेल्या पाणीपट्टीवाल्याशी मी पंचांच्या थाटात हुज्जत घातली, तेव्हा अप्पा अभिमानानं म्हणाले होते, “सूनबाईंनी दुसरा खंड पचवला.”

तिन्ही खंडांना ओवणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे घंटा. कुण्या एका राजानं गावोगावच्या प्रार्थनाघरांना बोराएवढ्या पितळी घंटांच्या माळा दिल्या होत्या. माळ सांभाळायची पंचांनी आणि वाजवायची गाण्याच्या प्रत्येक कडव्याअखेरी. ती वाजतेय तोवर गाव राजाच्या शब्दाला जागतंय, असा करार. अप्पा तरुणपणी गावोगाव फिरून ती बारीक किणकिण टिपून आले होते. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर फिरणं थांबलं. मग प्रार्थनाघरंच गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांना पाठवू लागली.

अप्पांच्या कामाचा एक कडक नियम होता. ते आपल्या खोलीत एकटे बसून ऐकणार, लिहिणार, आणि प्रकरण पुरं होईपर्यंत त्या गाण्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी काही बोललं की कान तेच ऐकायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गाणी बंद दाराआडून आम्हा सगळ्यांना ऐकू यायची आणि आम्ही सगळे मुकाट भाज्या चिरायचो.

असेच मुकाट असताना गेल्या हिवाळ्यात अप्पा खोलीतून बाहेर आले. चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. त्यांना शेवटचं प्रकरण सापडलं होतं. घंटा थांबल्या होत्या. नव्या एकाही ध्वनिमुद्रणात त्या नव्हत्या. गावांनी माळा कपाटात टाकल्या, करार संपला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. पडताळा म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या टेपाही लावून पाहिल्या. त्यांतही किणकिण सापडेना, तेव्हा टेपा झिजल्या म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा लिहायला बसले.

मी हातात सुरी धरून उभी होते. दाराआडून मी रोज घंटा ऐकत होते. सासूबाईही ऐकत होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी एकदमच भाजीत मीठ टाकलं. त्या दिवशीची भाजी कुणालाच खाववली नाही. अप्पांनी मात्र आनंदात दोनदा वाढून घेतली.

नियम मोडायची वेळ आली होती, पण तोंड उघडायचं कुणी? माझे हे म्हणाले, तूच सांग, तुझ्यावर अप्पांचा जीव आहे. मी म्हटलं, म्हणूनच. सासूबाईंनी आडून आडून कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला, तर अप्पांनी त्यांनाच प्रेमानं सुचवलं, की जाऊन ये, हल्ली तू फार हळू बोलतेस, काहीतरी घशाचं असेल. प्रकाशक म्हणजे अप्पांचे जुने दोस्त. त्यांना मी मुद्दाम घरी बोलावून दाराआडून गाणं ऐकवलं. घंटा वाजल्या तसा त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, प्रकरण जोरदार आहे, आणि बराच वेळ पायताणं शोधत बसले. ती त्यांच्या पायातच होती.

त्या प्रकरणात एका गावाचं नावानिशी वर्णन होतं. तिथली घंटांची माळ एक विधवा बाई सांभाळते. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत अप्पांची खुशाली विचारते, आवाज नीट आला का म्हणून विचारते. तिच्या गावानं दिलेला शब्द मोडला, असं अप्पांनी लिहिलं होतं. मी ते वाक्य टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. अप्पांच्या वाक्यांना मी हात लावत नाही. तेवढ्यासाठीच तर ते माझ्यावर विसंबतात.

प्रुफं तपासून झाली. ती न्यायला प्रकाशक आले, त्या दुपारी अप्पांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. हे पहिल्यांदाच घडत होतं. पुस्तकांचे ढीग बाजूला सारून मी खुर्च्या मांडल्या. माझे हे खिडकीशी उभे राहिले, म्हणजे बाहेर बघता येतं. अप्पा म्हणाले की काम संपलं, आता नियम नाही, शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून ऐकू. आणि त्यांनी त्याच गावाचं गाणं लावलं, चांगलं मोठ्यानं.

बायकांचे आवाज चढत गेले. कडवं संपलं आणि घंटा वाजल्या. इतक्या स्वच्छ, की त्या बाईनं माळ घासूनपुसून घेतली असणार. प्रकाशक कपातल्या चहाकडे बघू लागले.

“ऐकलंत?” अप्पा हलकेच म्हणाले. “कडव्यानंतरची ही रिकामी जागा. किती शतकं इथे काहीतरी होतं.” त्यांचे डोळे भरून आले होते. “पहिली प्रत त्या बाईंनाच पाठवायची, सूनबाई. वाईट वाटेल त्यांना. पण कुणीतरी खरं सांगायला हवं की नाही?”

मी मान हलवली. कुठल्या अर्थानं ते माझं मलाच कळलं नाही. प्रकाशकांनी प्रुफांचं पाकीट काखेत धरलं आणि उठण्याची तयारी केली. दुसरं कडवं सुरू झालं होतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. अप्पांच्या शेजारच्या स्टुलावरची पुस्तकं त्यांनी सरळ जमिनीवर ठेवली, एरवी यावर केवढं महाभारत झालं असतं, आणि स्टुलावर बसून त्यांनी अप्पांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. माझ्या हयातीत मी त्यांना चारचौघांत असं करताना पाहिलं नव्हतं. अप्पाही गोंधळून आमच्याकडे बघायला लागले.

कडवं संपलं. घंटांच्या ठेक्यावर सासूबाई त्यांच्या तळव्यावर बोटानं टिचक्या मारू लागल्या. बारीक, भरभर, एकामागून एक. अप्पांनी आधी हसून हात सोडवायला पाहिलं. मग ते थांबले. त्यांना तो ठेका माहीत होता. साऱ्या जगात त्यांच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. ते कधी यंत्राकडे पाहत होते, कधी सासूबाईंच्या बोटाकडे. टिचक्या थांबल्या आणि पुढचं कडवं सुरू झालं, तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“हे आत्ता,” ते म्हणाले, “तू मनानं वाजवलंस?”

सासूबाईंनी त्यांचा तळवा दोन्ही हातांत मिटून घेतला, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी मोठ्यानं बोलल्या.

“नाही, अहो. घंटा वाजताहेत. सगळ्या गावांत वाजताहेत. तुम्हाला ऐकू येत नाहीत.”