फिरकीवरचा अंगठा

दादाचं मासेमारीच्या काठीचं रीळ शिकायला मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती. नाही म्हटलं असतं तर त्यानं कारण विचारलं असतं, आणि कारण माझ्या उजव्या अंगठ्यात होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायचो. काम त्यानंच मला शिकवलं. चार वर्षांपूर्वी त्याचा अंगठा बधिर व्हायला लागला, मग बोटं, मग दोन्ही हात. आता वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावते आणि तो तिला म्हणतो, "लग्नात एवढी सेवा कबूल केली नव्हतीस." नसांचा आजार, घराण्यात चालत आलेला, मामालाही होता. आजार कळला तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, धाकट्या भावानंही तपासून घ्यावं. धाकटा भाऊ म्हणाला, बघू. मी कसला शूर, सुई पाहिली तरी मला घाम फुटतो.

सहा महिन्यांपूर्वी एका आजोबांची कवळी परत आली. कवळीची कड गुळगुळीत झाली का, हे शेवटी डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं तपासायचं असतं. मी तपासली होती. अंगठा म्हणाला, ठीक आहे. आजोबांची हिरडी कापली गेली. मग दुसरी कवळी आली, मग तिसरी. तेव्हापासून मी डाव्या अंगठ्यानं तपासतो, तेही कुणाचं लक्ष नसताना. बायकोला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती झाकून बसलो होतो.

आणि नेमका तेव्हाच दादा म्हणाला, "हे रीळ पडून पडून खराब होतंय. तू शीक."

साधं रीळ असतं तर मी इतका घाबरलो नसतो. हे बेटकास्टिंगचं होतं. यात एक कळ दाबली की दोरा गुंडाळलेली फिरकी मोकळी सुटते. गळाचं वजन दोरा ओढत हवेतून जातं. पुढे वजनाचा वेग कमी होतो, पण फिरकीला ते कोण सांगणार? ती आपली गरगर फिरत राहते आणि सुटलेल्या दोऱ्याचा जागच्या जागी गुंता होतो. तो होऊ नये म्हणून फिरत्या फिरकीवर अंगठा टेकवून ठेवायचा. जास्त दाबला तर वजन पायाशी पडतं, कमी दाबला तर गुंता. म्हणजे सगळी मदार अंगठ्यावर. आणि समोर परीक्षक कोण, तर ज्यानं स्वतःचा अंगठा असाच जाताना पाहिला तो.

पहिले दोन रविवार त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत गेले. गळ काढून नुसतं शिसं बांधलेलं, समोर प्लास्टिकचा टब. दादा स्टुलावर, हात मांडीवर ठेवून.

"दाबू नकोस," तो म्हणायचा. "तान्ह्या बाळाच्या टाळूवर बोट ठेवतोस ना, तसं."

मी फेकलं. घर्र आवाज झाला आणि फिरकीवर दोऱ्याचं घरटं उभं राहिलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. वहिनी मागच्या दारातून म्हणाली, "भावजी, अजून थोडा गुंता करा, माझा एक स्वेटर होईल." मी हसलो. दादा हसला नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता, निदान मला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

मग मला रिळाच्या बाजूची चकती सापडली. तो ब्रेक. पूर्ण आवळला की फिरकी जडावते, अंगठा लावा न लावा, गुंता होत नाही. शिसं फार लांब जात नाही, पण टबापर्यंत जातं. दादा पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी ती चकती आवळली. त्यानंतर सलग सात वेळा शिसं टबात पडलं. चोरी करून मी इतका खूश कधी झालो नव्हतो. त्या रात्री झोपही लागली.

"जमलं की तुला," दादा म्हणाला. "पुढच्या रविवारी तलावावर."

तलावावर त्या सकाळी वारा नव्हता, माणसं नव्हती. वहिनी गाडीत दार उघडं ठेवून चहाचा थर्मास उघडत होती. मी काठावर उभा राहिलो, दादा माझ्या डाव्या बाजूला. मी पहिली फेक केली. कशीबशी दहा-बारा पावलांवर पडली.

"ब्रेक सोड," दादा म्हणाला.

"असू दे ना. शिकतोय अजून."

"आवळलेल्या ब्रेकवर कुणीही टाकतं. सोड तो."

मी चकती मागे फिरवली. थंडी वाजतेय असं दाखवायला मी कॉलर वर केली. एवढं करून नजर फिरकीवरच ठेवली. अंगठ्याला नाही कळलं, तर निदान डोळ्यांना कळेल, हा हिशेब.

"खाली काय बघतोस? समोर बघ. पाण्याकडे. फिरकी अंगठ्यानं बघायची असते."

आता पळवाट उरली नव्हती. मी समोर बघितलं आणि मनात म्हटलं, एकदा, फक्त एकदा नीट जाऊ दे. इतका घाबरलो होतो की दात वाजत होते, आणि दुसऱ्यांचे दात बसवण्यात माझं आयुष्य गेलं. काठी मागे नेली, पुढे फेकली, अंगठा ठेवला. दोरा सुरसुरत गेला. गेला, जातच राहिला. वजन लांबवर पाण्याला लागताना दिसलं तसा मी अंगठा दाबला. टपकन आवाज आला. मी खाली बघितलं. गुंता नाही! एक वेटोळंसुद्धा सैल नाही.

"दादा!" मी ओरडलोच. सहा महिन्यांचं ओझं खाली पडलं. हात ठीक होता. कवळ्यांचं काय, कवळ्या कुणाच्याही बिघडतात. मी उगाच मरत होतो. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

दादानं आपल्या दोन्ही तळव्यांत माझा हात धरला आणि उलटा केला. "बघू."

अंगठ्याच्या पेरावर दोरा घासून एक पांढरा चरा पडला होता. कातडी सोलून निघाली होती आणि कडेनं रक्त येत होतं.

"आग होतेय?" त्यानं विचारलं.

"छे!" मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो. "काहीच नाही."

त्यानं माझा हात माझ्या डोळ्यांसमोर उचलला. मला माझंच उत्तर पुन्हा ऐकू आलं. मी अंगठ्याकडे बघत राहिलो. रक्ताचा थेंब मोठा झाला, घरंगळला, मनगटावर आला. मनगटावर तो कोमट लागला. अंगठ्यावर काहीच नाही.

"माझीही आग झाली नव्हती," दादा म्हणाला. "इथेच."

मागून वहिनी ओरडली, "काय झालं हो?"

"दोरा लांब गेला!" दादानं मान न वळवता सांगितलं. "खूप लांब गेला!" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "कधीपासून?"

"सहा महिने." शब्द बाहेर पडले आणि मी रडायला लागलो. चाळिशीचा माणूस, हातात काठी, नाक वाहतंय. "दादा, मला फार भीती वाटतेय."

"लॅबच्या मालकांचा फोन आला होता मला. कवळ्यांचं सांगितलं त्यांनी."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग सरळ विचारायचं ना! हा रिळाचा खेळ कशाला?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मीही दीड वर्ष नाहीच म्हणत होतो." त्याच्या तळव्यांना माझ्या हाताचं वजन कळत नसणार, तरी त्यानं तो सोडला नाही. "आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी इथे मी एकटाच होतो रे. अंधार पडेपर्यंत गाडीत बसून होतो. घरी जायची हिंमत होईना."

मी काठी खाली ठेवली. दोरा तसाच पाण्यात होता.

"चल," दादा म्हणाला. "गाडी तुलाच चालवायची आहे, मला येत नाही आता. पण तुझ्या घरी मी आत येतो तुझ्याबरोबर. तुझ्या बायकोला आपण दोघं सांगू."