तिकडचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. नारायण पेठेतल्या एका वाचनालयाच्या भिंतीवर गेली वीस वर्षं टांगलेलो आहे आणि निम्म्या पेठेच्या मते वीस वर्षं चुकतो आहे. अहो, चुकतो कसला! मी लिंडेनब्रुकची वेळ दाखवतो.

लिंडेनब्रुक हे जर्मनीतलं माझं गाव. त्या गावाची आणि पुण्याची मैत्री जमली, तेव्हा दोन्हीकडच्या वाचनालयांनी ठरवलं, की एकमेकांना एकेक घड्याळ द्यायचं आणि ते देणाऱ्याच्याच वेळेवर चालवायचं. म्हणजे आपण इकडे जेवायला बसताना कळावं, की तिकडची मंडळी आत्ता कुठे न्याहारी करतायत. मी इकडे आलो. बुधवार पेठेतल्या दादामियाँनी स्वतःच्या हातांनी जुळवलेलं सागवानी पेटीचं घड्याळ तिकडे गेलं.

सुरुवातीला फार छळ झाला. जो येई तो "हे मागे पडलंय" म्हणून खुर्चीवर चढे आणि माझे काटे पुढे सरकवी. परोपकारी माणसांनी अगदी जीव नकोसा केला. शेवटी ग्रंथपाल मुक्ताबाईंनी माझ्याखाली पाटी लावली: "हे घड्याळ बिघडलेले नाही. ते तिकडचे आहे. हात लावू नये. इकडची वेळ हवी असल्यास स्वतःचे घड्याळ आणावे." मग कुणाची टाप होती हात लावायची!

पण हळूहळू चावी देणारा हातही यायचा थांबला. तिकडची पत्रं कमी झाली, इकडची उत्तरं लांबली. एके दिवशी मी दहा वाजून वीस मिनिटांनी थांबलो, तो तीन वर्षं तसाच. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझी वेळ चूकच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. फार वाईट वाटायचं हो.

एकदा सातवीतली जोया माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तिकडे कायम दहा वीसच वाजलेले असतात का?"

मुक्ताबाई चांगल्याच वरमल्या. जोया दादामियाँची नात. दुसऱ्याच दिवशी ती आजोबांना घेऊन आली. वय एकोणऐंशी, हात थरथरणारे. पण स्क्रूड्रायव्हर धरला की हात स्थिर. त्यांनी मला उघडलं, पुसलं, तेल दिलं. मी टिकटिकलो तसे ते हसले. मग हळूच म्हणाले, "मुक्ताबाई, माझं घड्याळ चालू असेल का हो तिकडे?"

जोयाने तिकडच्या ग्रंथपाल हाना यांना ईमेल पाठवली. ठरलं: ऑक्टोबरातला शेवटचा रविवार, तिकडचे दुपारचे बारा, व्हिडिओ कॉल. घड्याळाबद्दल मात्र दादामियाँनी तिला विचारू दिलं नाही. "समोरासमोरच बघू," म्हणाले.

रविवारी नवी टोपी घालून ते पहिल्या खुर्चीवर बसले. इकडे साडेतीन झाले. मी ऐटीत बाराचे ठोके दिले. जोयाने कॉल लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणीच नाही. माणसं घड्याळं बघत उठू लागली.

"अडगळीत टाकलं असेल माझं घड्याळ," दादामियाँ काठी उचलत म्हणाले. "आता तोंड कसं दाखवतील?"

"चहा सांगितलाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "तो पिऊन रुसा."

चहाला मात्र ते नाही म्हणाले नाहीत. पहिला झाला, दुसरा झाला. आणि साडेचारला लॅपटॉप खणखणला! पडद्यावर हाना, भोवती पंधरावीस पोरं.

"बरोब्बर बारा!" हाना इंग्रजीत म्हणाल्या.

"पण आमच्याकडचं तिकडचं घड्याळ एक दाखवतंय," जोया गोंधळून म्हणाली.

हानांनी कपाळाला हात लावला. हिवाळा आला की तिकडे सगळी घड्याळं एक तास मागे करतात. पूर्वी ते पत्रातून कळवायचे; यंदा ते आजच पहाटे केलं होतं आणि आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. बंद होतो ती तीन वर्षं सोडली, तर पहिल्यांदाच मी खरोखर चुकलो, मित्रांनो, आणि तेही ऐटीत!

दादामियाँचं मात्र लक्षच नव्हतं. ते पोरांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत होते. सागवानी पेटी. लंबक हलतोय. काटे साडेचारवर. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

"खाली काय लिहिलंय?" त्यांनी पुढे वाकून विचारलं.

हानांनी वाचून दाखवलं: "हे घड्याळ बिघडलेले नाही. ते पुण्याचे आहे. कृपया दुरुस्त करू नये."

सगळं वाचनालय हसून लोटपोट झालं. दादामियाँ हसता हसता डोळे पुसत होते.

आता माझ्या पाटीवर एक ओळ वाढली आहे: "वर्षातून दोनदा काटे सरकवण्याचा अधिकार फक्त जोयाचा." दर रविवारी चावीही तीच देते. मित्रांनो, लांबच्या कुणाची आठवण तुमच्या भिंतीवर असेल, तर नुसती पाटी लावून मोकळे होऊ नका. अधूनमधून चावी द्या. आणि वेळ चुकलेली वाटली, तर लगेच उठून जाऊ नका. एक चहा जास्त घ्या.