तोंड उघडायचं नाही

"तोंड उघडायचं नाही," सासूबाईंनी जिन्यातच बजावलं. "हात पुढे करायचा आणि गप्प बसायचं. खरा वैद्य असेल तर नाडी धरून सांगेल काय होतंय ते. नाहीतर भिंतीवरचा परवाना काय चाटायचाय?"

नव्या वैद्याची अशी परीक्षा घ्यायची, ही चीनमधल्या आमच्या फोशान शहरातल्या म्हाताऱ्यांची खोडच आहे. खांदा दुखतोय माझा आणि परीक्षक ह्या! एरवी मी हसले असते. पण मला दिवस गेले होते. नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तिसरा महिना पुरा होईपर्यंत बोलायचं नसतं. मागच्या दोन्ही वेळा मी आनंदाच्या भरात बोलून बसले, आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. आता जीभ तुटली तरी बोलणार नव्हते.

पंचाईत अशी, की खांद्यासाठी सुई हमखास हातावर टोचतात, अंगठ्याच्या बेचक्यात. आणि पोटुशीला तिथं टोचत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण येत नाही म्हटलं असतं, तर 'का नाही?' आलंच असतं.

सासूबाई तर महिनाभर माझ्या पाळतीवर होत्या. न्हाणीघरातली कचऱ्याची टोपली स्वतः रिकामी करायच्या. म्हणून मी कोरी पॅड गुंडाळून तिच्यात टाकत होते. शिवाय पोटुशीनं खाऊ नये म्हणतात तो खेकडा ऐन हंगामात घरात शिजलाच नव्हता. म्हणे ताजे मिळत नाहीत! अख्खा बाजार खेकड्यांनी भरलाय आणि ह्यांनाच मिळत नाहीत? काहीतरी काळंबेरं होतं खास. नवऱ्यानं तोंड उचकटलं की काय, हीही शंका होतीच.

डॉक्टर आऊयांग माझ्याहूनही लहान निघाले. त्यांच्या मागे जडीबुटीच्या खणांची भिंत होती. त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. ह्यांना कळलं तर पंचाईत, नाही कळलं तर त्याहून मोठी.

"पाळी वेळेवर येते?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर!" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारतोय."

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "वेळेवर," मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

डॉक्टरांनी सुईचं पाकीट फोडलं. माझा हात उलटा केला आणि अंगठ्याच्या बेचक्यात कापूस फिरवला. मी मूठ आवळली.

"मूठ सोडा."

बोलले तर हेही जाईल, नाही बोलले तरी जाईल. मला रडूच फुटलं. हात ओढून घेणार, एवढ्यात शेजारून किंकाळी आली.

"तिथं नको! मेल्या, तिथं नको टोचूस!"

सासूबाईंनी डॉक्टरांचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं होतं. सुई जमिनीवर पडली.

डॉक्टर आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिले. मग जे भडकले! "नाडीवरून शंका आली होती, म्हणून तर विचारलं! नाडी निसटती लागली म्हणजे पोटुशीच, असं नसतं. दोघींनी तोंडावर खोटं सांगितलंत. हा परवाना उपचाराचा आहे आजी, भविष्य सांगण्याचा नाही! ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

"नक्की कुठं ठाऊक होतं?" सासूबाईंचा आवाज चक्क कापत होता. "नाडीत कळेल म्हणून आणलं. आम्ही बोलायचं नसतं ना अजून."

मागच्या दोन्ही वेळी त्या माझ्याइतक्याच रडल्या असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

डॉक्टरांनी सुया आवरल्या, खांद्याला नुसता गरम शेक दिला आणि पुढच्या वेळी एकटीनं यायला सांगितलं.

परतताना सासूबाईंनी माझी पिशवी हिसकावून घेतली. घरचा जिना चढताना माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही. तूही काही बोललेली नाहीस. कळलं?"

"हो आई."

"आणि ती कोरी पॅड वाया घालवू नकोस."

मी जिन्यातच थांबले. त्या दोन पायऱ्या पुढे गेल्या, मग मागे वळून म्हणाल्या, "खेकडे मात्र इतक्यात ताजे मिळायचे नाहीत."