दोन जोड्यांपुरता पिंजरा

मित्रांनो, माझ्यात सध्या कांदे आहेत. पोपटाच्या पिंजऱ्यात कांदे पाहून तुम्हाला हसू येईल. हसा. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल नावाच्या गावातला जुना, गंजलेला पिंजरा आहे. लोक मला पाहायला घरी यायचे आणि तोंडभरून वाखाणायचे, त्या दिवसांपेक्षा मला हे कांदे बरे वाटतात. असं का, ते सांगतो.

आमच्या मूलला धान पिकतं, म्हणून राइस मिलही पुष्कळ. त्यातल्याच एका मिलमध्ये हेमराज मशीनवर कामाला आहे. तिथली धान चाळायची मोठी चाळणी एका कोपऱ्यात फाटली आणि मालकानं ती भंगारात टाकली. हेमराजनं ती मागून घेतली, गाडीला आडवी बांधली आणि रफीकभाऊच्या वेल्डिंगच्या दुकानात आणून टाकली. रफीकभाऊनं फाटका भाग कापला, उरलेल्या जाळीला लोखंडी पट्ट्या जोडल्या, खाली सरकता ट्रे दिला, समोर दार बसवलं. ठिणग्या उडत होत्या आणि मी चाळणीचा पिंजरा होत होतो.

काम झाल्यावर रफीकभाऊनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला.

"हेमराजभाऊ, हा दोन जोडीचा पिंजरा हाय. तिसरी जोडी झाली तं मले आवाज देजा, दुसरा बनवून देतो. यातच कोंबू नका."

"हो ना बाप्पा, दोनच तं आनून राह्यलो."

मी ते नीट ऐकलं. हेमराजनं ऐकलं नाही. कान त्याला होते, मला नव्हते.

चंद्रपूरच्या बाजारातून दोन जोड्या आल्या. आपल्या रानातले हिरवे राघू नव्हेत. ते पकडून कोंडणं गुन्हा आहे, आणि असायलाच पाहिजे. हे बाहेरदेशीचे, चिमणीपेक्षा थोडे मोठे पोपट, ज्यांना बाजारात सगळे लव्हबर्ड म्हणतात. एक जोडी निळी. दुसऱ्या जोडीत नर हिरवा आणि मादी हळदीसारखी पिवळी. तिला घरात सगळे पिवळीच म्हणू लागले. बाजूला भोक असलेली दोन छोटी मडकी माझ्यात टांगली गेली. हे पोपट मडक्यातच अंडी घालतात.

पोपट आणले हेमराजनं, कौतुक झालं हेमराजचं, आणि रोज सकाळी ट्रे धुतला मंजुषानं. मंजुषा हेमराजची बायको. राळ्याचे दाणे तिनं टाकायचे, पाणी तिनं बदलायचं, चोच घासायला समुद्रफेणाचा तुकडा तिनं अडकवायचा. बोलायचीही तीच. घरात तिचं ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या जाळीशी तोंड आणून बोलायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तरी हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुमच्याच घरांत हे बोललं जातं आणि तुम्ही ऐकता. डॉक्टरनं नवराबायको दोघांनाही तपासणीला बोलावलं होतं. मंजुषा जाऊन आली. हेमराज म्हणाला, "मिलचा सीझन हाय." त्या मिलचा सीझन काही संपलाच नाही.

आणि अशात पिवळीच्या मडक्यात पिल्लं निघाली. ओल्या बोळ्यासारखी, डोळे मिटलेली, नुसती चोच आणि पोट. शेजारची बायनाबाई पाहायला आली. मडक्याच्या भोकाला डोळा लावला आणि किंचाळलीच.

"अवो माय, कमळाबाई! घरात पिलं फुटली व तुमच्या! आता सुनेचीबी कूस उजवते, पाहून घेजा!"

कमळाबाई म्हणजे हेमराजची आई. स्वभावानं वाईट नव्हती. पण नातवासाठी तिचा जीव इतका टांगणीला लागला होता की कुणी काहीही सांगावं आणि तिनं धरून बसावं. तिनं हे धरलं. देवापुढची अगरबत्ती मलाही ओवाळली आणि सगळ्यांना बजावलं, "सुनेची ओटी भरेपर्यंत एकबी मडकं काढाचं नाई. एकबी पाखरू बाहेर द्याचं नाई."

झालं. त्या दिवसापासून मी पिंजरा राहिलो नाही. मी नवस झालो.

पिल्लं मोठी झाली, त्यांच्या जोड्या जमल्या, त्यांना मडकी आली. त्यांची पिल्लं झाली, त्यांनाही मडकी आली. रफीकभाऊला आवाज कुणी दिला नाही. जागा संपली तेव्हा हेमराजनं भाजीचं प्लास्टिकचं कॅरेट आणलं, माझ्या बाजूची जाळी कापली आणि ते तारेनं मला आवळून बांधलं. "ही नवी खोली," तो ऐटीत म्हणाला. पाहुणे आले की तो मंजुषाला चहा टाकायला लावायचा आणि त्यांना माझ्यासमोर उभं करायचा. पाहुणे म्हणायचे, "वा! गोकुळ हाय बाप्पा हे तं!" मग त्यांची नजर चहा घेऊन येणाऱ्या मंजुषाकडे जायची. त्या नजरेला मी रोज पाहत होतो. मी लोखंडाचा होतो म्हणून टिकलो.

एकदा रफीकभाऊ रस्त्यानं जाताना थांबला. कॅरेट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हेमराजभाऊ, हे काय लटकवलं? मी दोन जोडी म्हटलो होतो न!"

"आपल्या घरी कोनाले नाई म्हनत नाई, रफीकभाऊ."

"तुमच्या घरी, हो. पन थे बिचारे कोनाच्या घरी राहून राह्यले?"

हेमराज हसला. रफीकभाऊ हसला नाही.

आता आतली गोष्ट ऐका, जी पाहुण्यांना दिसत नव्हती. दांडीवर पंख पसरायला जागा नव्हती. दाण्याच्या वाटीवर मारामारी. एक मादी दुसरीच्या मडक्यात शिरायची आणि तिची पिल्लं ओढून खाली टाकायची. सकाळी ट्रे ओढला की मंजुषाला ती सापडायची. ती पदराआड नेऊन केळीच्या आळ्यात पुरायची. सासूला दिसली असती तर दोष कुणाच्या नजरेला लागला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पिवळी? पिवळी पहिल्या दिवसापासून अंड्यांवर बसलेलीच होती. पिल्लांची एक खेप उडाली की दुसरी. तिच्या डोक्यावरची पिसं गेली. हळदीचा रंग जाऊन ती जुन्या कागदासारखी दिसू लागली.

मधे एकदा निळ्या जोडीचं मडकं कडी तुटून पडलं आणि फुटलं. नवं आणायचं राहून गेलं. तर ती निळी मादी निवांत झाली. खाऊ लागली, अंगावर नवी पिसं आली. मंजुषानं ते पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. मडकं नसलं की अंडी नाहीत. अंडी नसली की जीव वाचतो.

ट्रे हातात घेऊनच ती सासूसमोर उभी राहिली.

"आई, काही दिवस मडके काढू का? पिवळीच्या अंगात काहीच नाई राह्यलं. मरन थे."

कमळाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले होत नाई म्हनून त्याईचंबी बंद करतं का?"

 मंजुषानं ट्रे धुतला, पुसला आणि परत माझ्या पोटात सरकवला.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कलकलाटानं हेमराजची झोप मोडायची, म्हणून मला समोरच्या खोलीतून उचलून मागच्या टिनाच्या पडवीत टाकलं. कूलर समोरच्या खोलीतच राहिला. पाहुण्यांना दाखवायचं गोकुळ टिनाखाली भाजत होतं. मंजुषा पोती भिजवून माझ्यावर टाकायची. ती वाळायची, ती पुन्हा भिजवायची.

अशाच एका भर दुपारी पिवळी मडक्यातून बाहेर आली ती थेट खाली, ट्रेवर. चोच उघडी, शेपटी वरखाली होत होती, आणि ती जोर लावत होती. मंजुषानं दार उघडून तिला ओंजळीत घेतलं. तेलाचं बोट लावलं. मांडीवर घेऊन बसली. मी पाहत होतो. मला दुसरं काय येतं?

कमळाबाई ओरडतच आली. "काऊन काढली तिले बाहेर? अंडे थंडे होते ना!"

मंजुषानं फक्त ओंजळ पुढे केली. कमळाबाईनं एका बोटानं पिवळीचं पोट चाचपलं. आत कडक काहीतरी लागलं. तिचं बोट तिथेच राहिलं.

"अडली व माय," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

पिवळीनं आणखी एकदा जोर लावला आणि मान टाकली. अंडं आतच राहिलं.

कमळाबाई तिथेच जमिनीवर बसली. पिवळीकडे पाहत बोलली. "आमची धाकटी बहीन अशीच गेली. बैलगाडीत. दवाखाना दिसून राह्यला होता समोर. दरसाल एक, दरसाल एक. अंगात काही नव्हतं तिच्या. अन् आम्ही गावभर सांगत होतो, आमची बहीन लेकुरवाळी हाय म्हनून."

मंजुषा रडली नाही. तिनं पिवळीला केळीच्या आळ्यात पुरलं. ती परत आली तेव्हा कमळाबाई स्टुलावर चढून मडकी सोडत होती. म्हाताऱ्या हातांनी, एकेक तार उलगडत. ज्यांत पिल्लं होती ती तिनं राहू दिली. पिल्लं उडती झाल्यावर ती मडकीही उतरली.

संध्याकाळी हेमराज आला. "मडके कुठी गेले?"

"मी काढले," कमळाबाई म्हणाली. "अन् तू उद्या डॉक्टरकडे जाजो. सीझन-बिझन सांगू नको मले."

नंतर रफीकभाऊ आला. त्यानं परसात, कडुनिंबाखाली, माणूस उभा राहील एवढी जाळीची खोली उभारली. तिच्यात मडकं नाही, नुसत्या दांड्या आणि उडायला जागा. त्या उन्हाळ्यातून जे वाचले, ते तिकडे गेले. वाचले ते फार नव्हते. एवढ्या मोठ्या घरात ते एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून बसले. पंख पसरायला जागा असते, हे त्यांना कळायला बरेच दिवस लागले.

मंजुषाला मूल झालं का, असं विचारू नका. ते तुमचं काम नाही. ते कुणाचंच काम नव्हतं.

मित्रांनो, पाखरू पाळायचंच असेल तर ते किती वाढणार, कुठे राहणार, कोण त्याचं करणार, हे आधी ठरवा. मग पिंजरा घ्या. पिंजऱ्यात जेवढे मावतात तेवढेच ठेवा. आणि आपल्या घरातलं दुःख मुक्या जिवाच्या मडक्यात घालू नका. ते उबवून त्यातून सुख निघत नाही.

परवा बायनाबाई आली. तिच्या लेकाचं लग्न होऊन वर्ष झालं. सुनेला अजून काही नाही. माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "कमळाबाई, हा पिंजरा रिकामाच हाय, तं आम्हाले द्या न. पोट्टं एक जोडी आनून राह्यलं. अन् मडके असतीन तं मडकेबी द्या."

मंजुषा दारात उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं.

"रिकामा कुठी हाय?" कमळाबाई म्हणाली. "कांदे हायेत त्यात."

बायनाबाई वाकून पाहू लागली. कमळाबाई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

माझ्या तळाशी तेव्हा कोंब फुटलेला एकच कांदा होता. बायनाबाई गेल्यावर मंजुषा घरातलं कांद्याचं अख्खं पोतं ओढत आणून माझ्यात ओतू लागली, तेव्हा कमळाबाईनं माझं दार उघडं धरून ठेवलं.