माझ्यासमोर, राजीखुशीने

सकाळचे दहा वाजले होते आणि शिवणवाली शाळेच्या सदऱ्यांना खिसे लावत होती. सव्वीस वर्षं कारखान्यात फोरमन असलेल्या नवऱ्याचा संसार ओढून, त्याचा मार खाऊन ती आता या भाड्याच्या खोलीत राहत होती. उद्या कोर्टात घटस्फोटाची शेवटची तारीख. त्याचा फंड, पेन्शन आणि घर यांत तिने निम्मा वाटा मागितला होता, आणि सगळ्या नातेवाइकांच्या पोटात दुखू लागलं होतं. तो तिला बडवत होता तेव्हा मात्र कुणाच्याही पोटात दुखलं नव्हतं!

दारात फोरमन आला. सोबत तिचा सख्खा भाऊ, हातात हक्कसोडपत्र.

"ताई, सही करून मोकळी हो," भाऊ म्हणाला. "चांगल्या घरातल्या बायका फंडावर डोळा ठेवत नाहीत. माझ्या पोरीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील?"

"हा भट्टीवर भाजला तेव्हा चार महिने याला लोकांनी भरवलं का रे? नोकरी टिकली ती माझ्यामुळे."

तिने कागद मशीनवर ठेवून वाचला. तळाशी लिहिलं होतं, 'वरील सही माझ्यासमोर, राजीखुशीने झाली.' खाली साक्षीदाराची, म्हणजे भावाचीच सही.

"माझी सही व्हायच्या आधीच साक्ष? शाब्बास!"

फोरमनने केस धरून तिचं डोकं मशीनवर आपटलं. ओठ फाटला. "धर रे हिचा हात!" तो ओरडला, आणि भावाने धरला. अशा वेळी हात धरायला घरचं माणूस कसं हमखास सापडतं!

तिचं बोट कागदावर, सुईखाली दाबून फोरमनने विचारलं, "करतेस की नाही?"

"नाही."

त्याने चाक फिरवलं. सुई नखातून आरपार गेली, खालच्या कागदातूनही. किंकाळी ऐकून शेजारचा सायकलवाला धावत आला, तशी दोघा शूर पुरुषांनी धूम ठोकली. तिने डाव्या हाताने चाक उलटं फिरवलं आणि बोट सोडवलं. कागद तिने जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने तिने तो न्यायाधीशांसमोर ठेवला.

"साहेब, यावर माझी सही नाही, रक्त आहे. साक्षीदार मागे बसलाय. त्याच्यासमोर काय झालं, ते त्यालाच विचारा."

भावाला पुढे बोलावलं. फोरमन डोळे वटारून बघत होता. भावाने आधी आपली सही पाहिली, मग ताईचं बोट.

"बोला," न्यायाधीश म्हणाले.

"चाक त्यांनी फिरवलं, साहेब," तो म्हणाला. "हात मी धरला होता."