वारा लागू नये म्हणून

स्पृहा रडेनाशी झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

"गुणाची पोर गं ती," आई म्हणायची. "माझ्या हातची मालिश लागू पडली बघ." शैलेंद्रने तर टार्निटच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर झोपलेल्या लेकीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'नो स्लीप ट्रेनिंग रिक्वायर्ड, मेट!' भराभर अंगठे आले. मीही हसले असेन. डोकं इतकं ठणकत होतं की हसायला लागलं तरी कानशिलात कळ यायची.

मेलबर्नच्या कडेचं, टार्निटचं नवंकोरं घर विकून आम्ही दूर थंडगार बॅलरॅटला आलो ते या जुन्या लाकडी घरासाठी. घरासाठी कसलं, बॉयलरसाठी. मागच्या व्हरांड्याला भिंत घालून कुणीतरी लाँड्री केलेली, तिथे वॉशिंग मशीनशेजारी हा फ्रिजएवढा बॉयलर. अंगणातल्या टाकीतून नळीने तेल यायचं, ते जाळून हा पाणी तापवायचा आणि खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरवायचा. "अशी ऊब त्या गरम हवा फुंकणाऱ्या डक्टवाल्या हीटिंगला येणारच नाही," शैलेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. शनिवारी टाकीत काठी बुडवून तेल बघायचा, छोट्या किल्लीने रेडिएटरमधली हवा सोडायचा. मी आठवा महिना सरत असताना पोट सावरत बघत बसायचे. मग माझी आई पुण्याहून आली. तेव्हापासून बॉयलरचं सगळं तो बघायचा आणि माझं सगळं आई.

आल्या-आल्या तिने बॉयलरच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. "घराला ऊब देतोय, त्याला नमस्कार नको?" मग माझ्या कानांत कापूस, डोक्याला फडकं, दाराखाली टॉवेल, खिडक्यांच्या फटींत चिंध्या. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. बाळंतिणीला वारा लागला की जन्माची डोकेदुखी मागे लागते म्हणे. आणि मला तर डोकेदुखी लागलीच होती! म्हणजे वारा कुठूनतरी येतोय, हे आईने ठरवूनच टाकलं आणि घरातली उरलेली भोकं शोधत फिरायला लागली.

शैलेंद्रचं निदान वेगळं.

"नीरू, डॉक्टरांशी, आपल्या जीपीशी बोलूया का? नर्स म्हणत होती ना, काही जणींना डिलिव्हरीनंतर मूडचा..."

"माझं डोकं दुखतंय, शैलेंद्र. मूड नाही दुखत."

"हो गं, तेच ते."

तेच ते! उत्तर मी गिळलं, कारण ओरडायलाही ताकद लागते. मळमळत होतं, पायऱ्या चढल्यासारखी धाप लागत होती आणि मी पलंगावर पडून होते. छातीशी स्पृहा. दूध तोंडात तसंच ठेवून झोपलेली. गालाला बोट लावलं तरी ओठ हलायचे नाहीत. किती सुंदर दिसायची. मी तिच्या पापण्या बघत बसायचे, देवा, मी नुसती बघत बसायचे.

सव्वा महिना संपला आणि तिच्या पहिल्या लसीसाठी मी घराबाहेर पडले. आईने दोन शाली गुंडाळल्या. बाहेर दवाचं बर्फ झालेलं, नाकाचा शेंडा बधिर. क्लिनिकपर्यंत चालत गेले आणि तिथे बसल्यावर लक्षात आलं, डोकं हलकं झालंय. कापूस काढून टाकला तरी हलकं. आणि स्पृहा सुई टोचायच्या आधीच अशी रडली, अशी रडली की नर्स हसायला लागली, "शी'ज गॉट लंग्ज!" हा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकलाच नव्हता.

घरी आलो. दुपारी तिला पाजायला घेतलं, तर पुन्हा तेच. मऊ पडली, दूध ओठांच्या कडेने ओघळलं. माझ्या कानशिलात ठोके सुरू झाले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मलाही गरगरतंय गं. सकाळची मटकी बाधली वाटतं."

मी तशीच उठले. बाहेर बरं, आत नाही. आत काय आहे?

लाँड्रीत गेले. बॉयलर घुमत होता, रोजचाच तो तेलकट वास, ज्याची आम्हाला सवय झाली होती. दारावरचं स्वस्तिक काजळीने काळं झालेलं. आणि अंधार. या खोलीत बाहेरच्या भिंतीला वर एक आणि खाली एक अशा दोन जाळ्या होत्या, त्यांतून मशीनवर उन्हाचे पट्टे पडायचे. पट्टे नव्हते. जाळ्यांत आईच्या जांभळ्या सुती साडीचे दोन तुकडे कोंबलेले, आणि वर चिकटपट्टी.

साडी आईची. पण पट्टी सरळ होती, कोपरे मोजून कापलेले. आई असलं काही करत नाही. घरात अशी पट्टी एकच माणूस लावतो.

बॉयलरचं भिंतीवरचं बटण बंद केलं, स्पृहाला उचललं आणि आईचा दंड धरून तिला सपातांवरच अंगणात ओढत नेलं.

"अगं वारा! वारा लागेल तिला!"

"वाराच पाहिजे, आई!" मी किंचाळले. "वाराच पाहिजे तिला!"

अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये आम्हा तिघींच्या नाकातोंडावर ऑक्सिजन. स्पृहाचा मास्क बाहुलीच्या मापाचा. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला, पुरेशी हवा न मिळता तेल जळलं की होणारा बिनवासाचा विषारी वायू. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाली. लेक ठीक होईल, म्हणाली. ते मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

शैलेंद्र मेलबर्नच्या ऑफिसातून ट्रेनने धावत आला. त्याने आधी स्पृहाच्या पायांना हात लावला, मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय.

"सर्व्हिसिंगवाल्याने सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "बर्नरला हवा लागते, जाळ्या झाकू नका. तू डिलिव्हरीला हॉस्पिटलात होतीस तेव्हा."

"मग?"

"आईंनी कोंबलं होतं गं. मी कसं काढणार? एवढ्या लांबून आल्यात, रात्रंदिवस राबतायत. त्यांना वाईट वाटलं असतं."

"म्हणून पट्टी लावलीस?"

"ते सारखं पडत होतं. त्या वाकून वाकून पुन्हा लावायच्या. मला वाटलं, घरातून जाईल तेवढी हवा पुरेल."

"घराच्या प्रत्येक फटीत चिंधी होती, शैलेंद्र! तुला दिसत होती! आणि मला जीपीकडे पाठवत होतास तू. मूड!"

शेजारच्या पलंगावर आईने मास्क खाली ओढला. "मला सांगायचं ना! सासू म्हणून मानपान घ्यायला आले होते का मी? 'आई, ते काढा.' एवढंही बोलवेना तुम्हाला? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही."

"आणि तू?" मी तिच्याकडे वळले. "तू मला का नाही विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू बाळंतीण."

बरोबर. बाळंतिणीला खाऊपिऊ घालायचं, बांधून ठेवायचं, तिचं डोकं का दुखतंय ते आपसांत ठरवायचं. विचारायचं कशाला? मी दोघांकडेही पाठ केली आणि स्पृहाच्या मुठीत बोट दिलं. ती पकडते का बघत राहिले. पकडलं.

आता बर्नर आणि धुराडं साफ झालंय, दोन खोल्यांत त्या विषारी गॅसचे अलार्म बसलेत. जाळ्या उघड्या आहेत. टाकीची काठी आणि रेडिएटरची किल्ली मी माझ्याकडे घेतली; शैलेंद्रने काढून दिली. रोज सॉरी म्हणतो. आईने उरलेली साडी फाडून तिची लादी पुसायची फडकी केली, माझ्यासमोर. राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

पहिल्यांदा बॉयलर पुन्हा लावला त्या दुपारी स्पृहा जागी झाली आणि रडायला लागली. घरात, भर उबेत, लालबुंद होऊन, पाय झाडत. आई लगबगीने आली. शैलेंद्र फोन टाकून आला. दोघांचेही हात पुढे झाले.

"थांबा," मी म्हटलं.

मी तिला उचललं, खांद्याशी घेतलं, पण थोपटलं नाही. तिचा आवाज माझ्या कानात, गळ्यात, हाडांत शिरत होता. रड गं माझी बाय, रड. दाराशी दोघं तशीच उभी.

"ऐका," मी म्हणाले.