कोण ओढतंय ते मला कळतं

"अरे ए कण्ह्या, नुसता कण्हतोस काय? ओढ की!"

"मीच ओढतोय, लंबू! तूच दोराला गुदगुल्या करतोयस!"

भर रस्त्यात हे भांडण पेटलं, आणि मी दोघांच्या मुठीत.

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, मनगटाएवढा जाड. काथ्याचे तीन पेड पिळून मला वळलं, तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. गोदामात वेटोळं करून ठेवलं की अंग चावतं. हमालांच्या टोळीत आलो आणि बरं वाटलं. कपाटं ओढली, यंत्रं ओढली. लोक म्हणायचे, "काय टोळी आहे!" मला कुणी काही म्हटलं नाही. असू दे.

त्या दिवशी बेकरीची लोखंडी भट्टी फळ्यांवरून ओट्यावर चढवायची होती. सहा जण ओढत होते. भट्टी अर्ध्यात अडकली, आणि लंबू-कण्ह्याचं ते भांडण पेटलं. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, "दुपारपर्यंत बघते. नाहीतर क्रेन बोलावते."

मुकादमाचा चेहरा उतरला. "आज क्रेन आली तर उद्या आपल्याला कोण विचारणार? टोळी मोडली समजा."

मग त्याने काय करावं? रस्त्यावरचे आणखी चौघे जुंपले. भट्टी उलट मागे सरकली!

मी तर चिडलोच. दहा जणांची तोंडं लाल, पाय रोवलेले, पण मुठीत जीव नाही. प्रत्येकाला वाटतंय, दुसरा ओढतोच आहे की. आणि कण्ह्या? एके काळी त्याच्या मुठीखाली माझे पेड करकरायचे. पण गर्दीत ते दिसणार कुणाला? मग तोही न ओढता नुसतं कण्हायला शिकला.

हाळी द्यायला मुकादमाची ताई उभी होती. ती पुढे आली.

"नवे चौघे बाजूला व्हा. आता मी नाव घेईन त्यानेच ओढायचं. बाकीच्यांनी नुसतं धरा. लंबू!"

मी जरासा ताणलो.

"एवढंच? सकाळी जेवला नाहीस का रे?"

सगळे फिदीफिदी हसले. लंबूने दातओठ खाऊन पुन्हा ओढलं, तेव्हा कुठे मी सरळ झालो.

"कण्ह्या!"

काठीसारखा ताठ झालो, मित्रांनो! फळी करकरली.

"च्यायला," लंबू म्हणाला, "हा माणूस आहे का बैल?"

कण्ह्याचे कान लाल झाले. कण्हायचं विसरलाच तो.

एकेकाचं नाव घेऊन झालं, मग ताईने सगळ्यांना मिळून हाळी दिली. यावेळी कुणी शेजाऱ्याकडे बघितलं नाही. भट्टी धाडकन ओट्यावर! मावशींनी क्रेनसाठी काढलेला फोन परत पिशवीत टाकला.

तेव्हा मित्रांनो, मला ओल्यात टाकू नका, पेड कुजतात. आणि सोबत ओढणाऱ्याला नावाने हाक मारत जा. कुणी बघतच नसेल तर माणूसही आतून कुजतो. मी हातांखाली राहून बघितलंय हे, ऐकीव नाही. लंबूचंही सांगतो, तो नंतर...

थांबा, कुणीतरी टोक धरलं माझं. जातो.